खोक्यासकट

ऑर्म्सकर्कच्या बाहेर, कोबीच्या शेताला लागून,
रविवारी पहाटे साडेपाचला गाड्या ओळीनं लागतात,
डिक्या उघडतात
आणि घरंच्या घरं गवतावर येतात:
कुबड्या, सुपाचे डाव, कुणाच्या तरी लग्नातला चहाचा सेट,
एक डोळा मिटेनासा झालेली बाहुली.

प्रवेश एक पौंड. सातनंतर पन्नास पेन्स.
पण सातनंतर उरतात ती जिगसॉ,
सगळे तुकडे आहेत अशी शपथ घेतलेली.
म्हणून आम्ही पौंडवाले.
हातात बॅटरी, पायात गमबूट,
एकमेकांना ओळखतो, ओळख दाखवत नाही.
दाढीवाला टेरेन्स फक्त आगगाड्या बघतो,
जांभळ्या टोपीतली ती फक्त अस्वलं, कान चाचपून.
मी पत्र्याचं काहीही. चावीचं असेल तर उत्तम.
चावी मात्र सोळा वर्षांत एकदाही मिळालेली नाही.
कुठंतरी नुसत्या चाव्यांचं गाव असावं.

शिकलो ते एवढंच:
हवी ती वस्तू शेवटी उचलायची.
आधी बरणी. मग तिचं झाकण. मग हवेबद्दल दोन शब्द.
मग सहज, बोटांनाच सुचल्यासारखं:
'आणि हे?'

आज 'हे' म्हणजे आगीचा बंब.
वीतभर, लाल, शिडी मिटलेली,
चार पत्र्याचे शिपाई, चौघांचा चेहरा एकच.
आणि खोकं!
चारही कानांसकट खोकं, आत पेन्सिलीनं शिलिंगांतली किंमत.

आमच्या धंद्यात खोक्याला खेळण्याहून जास्त भाव.
ज्याला कुणी हात लावला नाही ते सगळ्यांत महाग.
इचलकरंजीत आमचं उलटं होतं,
खोकं हेच खेळणं: एक काडेपेटी,
मागावरच्या चार रिकाम्या कांड्या,
आणि तोंडानं काढलेला आवाज.

घडीच्या खुर्चीत बसलेली विनिफ्रेड हॉलसॉल
थर्मासच्या टोपणातून चहा पीत म्हणाली,
आमच्या क्लिफर्डचा.
आईनं कपाटावर ठेवला होता,
बाराचा पाढा पाठ झाला की मिळेल म्हणून.
तो काही झाला नाही.
पुढं हा बसमध्ये कंडक्टर. चाळीस वर्षं सुट्टे पैसे
तोंडी मोजले, पेनी चुकली नाही कधी.
आई गेल्यावर कपाट हलवलं तेव्हा सापडला.
बघितला त्यानं. म्हणाला, राहू दे,
अजून नऊच्या पुढं अडकतो मी.

चार पौंड, ती म्हणाली.
लिलावात तीनशे सहज.
आणि माझ्या तोंडून, सोमवारच्या बाजारातल्या आवाजात,
'तीन?'

दिला तिनं.
बरणीचे पन्नास पेन्स मी न मागता दिले.
प्रायश्चित्त स्वस्तात उरकलं.

गाडीत बसून, काचा वर करून, खोकं उघडलं.
बंबाच्या पोटाला सुतळीनं बांधलेली
चावी.
गाठ दुकानातलीच.

एकदा फिरवली की भोकाभोवती चरा पडतो,
बॅटरी धरून बघणाऱ्याला दिसतोच,
अर्धी किंमत जाते. हे मी इतरांना सांगत आलोय.

बारा एके बारा. बार दुणे चोवीस.
वायपरच्या काचेवर दव, पलीकडं कोबी.
मोठ्यानं म्हणत होतो, वाण्याच्या दुकानामागच्या
शाळेतल्या चालीवर, मान हलवत;
सत्तेला जरा थांबलो,
चौऱ्याऐंशी,
अठ्ठे शहाण्णव,
मग नऊ, क्लिफर्डचा नऊ: अष्टोदरसे,
आणि दाहे वीसासे.

सुतळी सोडली.
चावी जड गेली, मग गेली.
डॅशबोर्डवर बंब निघाला, घंटा वाजवत,
शिडी अर्ध्यावर येऊन अडकली,
चौघे शिपाई तरी तसेच पुढं बघत.

काचेवर टकटक. टेरेन्स.
सोळा वर्षांत पहिल्यांदाच बोलला माझ्याशी.
म्हणाला, किती?